गोळी जर्नल वाचत नाही

होस्टेलच्या वाय-फायवर रात्री अकरानंतर काय काय पाहिलं जातं यावर एक स्वतंत्र लेख होईल, पण तो संपादक मंडळ छापणार नाही. त्यातला छापण्याजोगा भाग एवढाच, की गेल्या वर्षभरापासून आमच्या मजल्यावर रायफलची काडतुसं घरी भरण्याचे व्हिडिओ बघायची साथ आली आहे. अमेरिकेतले कुणी आजोबा गॅरेजमध्ये टेबलाशी बसतात, तासभर पितळी पुंगळ्या पुसतात, मापतात, भरतात, आणि शेवटी हजार यार्डांवरच्या लोखंडी पाटीवर ‘टण्’ असा आवाज येतो. तो आला की इकडे पंचवटीत शिट्ट्या! “काय पॉवर आहे रे!”

माझं म्हणणं असं, की आपल्या मंडळींना त्या तासाभरातलं फक्त शेवटचं ‘टण्’ ऐकू येतं. पॉवर दुकानातल्या काडतुसातही असते, तेवढीच असते. पॉवरसाठी कोणी एवढी खटपट करत नाही. आजोबांना हवी असते एकच गोष्ट: शंभरावं काडतूस पहिल्यासारखंच असावं. आणि नेमकी हीच गोष्ट आपल्याला चार वर्षांत कोणी शिकवत नाही. उलट तिच्या विरुद्धचं शिक्षण मात्र सबमिशनच्या आठवड्यात भरपूर मिळतं. त्यावर पुढे येतोच.

आधी ज्यांनी काडतूस जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी. (एन.सी.सी.वाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.) काडतुसात चार वस्तू असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. दारू म्हणजे दारूगोळ्यातली दारू. होस्टेलमध्ये हा खुलासा करावा लागतो. चाप ओढला की पिन टोपीवर आदळते, ठिणगी पडते, दारू पेटते, वायू तयार होतो आणि गोळी नळीतून सुटते. आत त्या क्षणी चार हजार बारच्या आसपास दाब असतो. तुमच्या मोटरसायकलच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असतो, यावरून अंदाज करा. या सगळ्यातून मागे उरते ती पुंगळी. चारांपैकी ही एकच वस्तू पुन्हा वापरता येते आणि हाताने काडतूस भरण्याचा सगळा खेळ तिच्याभोवती फिरतो.

आता ही पुंगळी म्हणजे साधारण सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. दाब आला की ती फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते, वायूला मागे येऊ देत नाही, आणि दाब गेला की किंचित आक्रसते म्हणून बाहेर काढता येते. मग ती साच्यात दाबून पुन्हा मूळ मापाची करायची. असं चार-सहा वेळा झालं की तिच्या मानेचं पितळ कडक होतं. एक मान गोळीला घट्ट धरते, दुसरी सैल धरते, आणि तिथून फरक सुरू होतो. पुढे मानेला चीरच जाते. म्हणून ती मान, फक्त मान, तापवून पुन्हा मऊ करतात. मटेरियल सायन्सच्या पेपरात ‘वर्क हार्डनिंग आणि अॅनीलिंग’ पाच मार्कांना येतं, ते हेच.

पण हे समजायला पेपरची गरज नाही. रामकुंडावरून पलीकडे भांडी बाजारात जा. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी एकेकाळी देशभर जायची, अजूनही तिथे ठोक्याचा आवाज कानावर पडतो. आम्ही तिघे जण तिथल्या एका वयस्कर तांबटकाकांकडे गेलो होतो. विचारलं, “काका, घागर ठोकता ठोकता मधेच भट्टीत का घालता?” काका हातोडी न थांबवता म्हणाले, “मार खाऊन खाऊन पितळ आडमुठं होतं बाबा. शेकलं की परत ऐकतं. नाही शेकलं तर फुटतं.” आमच्या लेक्चरच्या एका तासाचा ऐवज तीन वाक्यांत!

पितळाच्या या आडमुठेपणाची एक मोठी गोष्ट आपल्याच देशात घडलेली आहे आणि ती जगभरच्या धातुशास्त्राच्या पुस्तकांत आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज फौजेच्या लक्षात आलं, की हिंदुस्थानात पावसाळ्यात साठवून ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांना आपोआप चिरा पडतात. कोणी झाडलं नाही, पाडलं नाही, तरी चिरा. पावसाळ्यात होतं म्हणून नाव पडलं ‘सीझन क्रॅकिंग’. काडतुसं पाऊस संपेपर्यंत घोड्यांच्या पागेत ठेवलेली असायची. खरं कारण उलगडलं ते १९२१ मध्ये, मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी. घोड्यांच्या मूत्रातून हवेत येणारा अमोनिया आणि पुंगळी ओढून बनवताना पितळात साठून राहिलेला ताण, ही दोन्ही कारणं एकत्र आली की चीर पडते. एकटा अमोनिया नाही, एकटा ताणही नाही. उपाय पुन्हा तांबटकाकांचाच: शेकून ताण काढून टाकणे. मला या गोष्टीत आवडतो तो मधला काळ. कित्येक पावसाळे काडतुसं फुटत राहिली, आणि कोणीतरी ‘पावसाळ्यामुळे’ असा शेरा मारून फाईल बंद केली असणार. आपल्या जर्नलमध्ये ‘मानवी चुकीमुळे’ लिहितात, तसंच.

असो. नेम कुठे चुकतो ते बघू. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत नेहमी दिसणारं ‘थ्री-नॉट-एट’ काडतूस घ्या. त्याची १७५ ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण ७९० मीटर वेगाने सुटते. ग्रेन म्हणजे धान्याच्या दाण्यावरून आलेलं जुनं वजन, ०.०६४८ ग्रॅम. आपल्या सराफ बाजारातली गुंज साधारण ०.१२ ग्रॅमची, म्हणजे दोन ग्रेनला थोडी कमी. दाण्यांनी आणि बियांनी तोलण्यात आपण आणि ते सारखेच! हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. तिथे पोचायला या गोळीला दीड सेकंदाहून जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात ती नळीच्या रेषेपासून दहा मीटरहून जास्त खाली आलेली असते. आता समजा एका काडतुसाचा वेग दुसऱ्यापेक्षा सेकंदाला फक्त तीन मीटरने कमी पडला. अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी फरक. पण तिकडे गोळी सात-आठ सेंटिमीटर खाली लागते. दारूचे मोजके दाणे कमी-जास्त, मानेची पकड सैल-घट्ट, गोळी एका काडतुसात जरा आत, दुसऱ्यात जरा बाहेर, एवढ्यानेही हे होतं.

कोणी म्हणेल, वाऱ्याचं काय? बरोबर. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा तीच गोळी दोन मीटरच्या आसपास बाजूला ढकलतो. आजोबांची तासाभराची मेहनत वारा एका फुंकरीत पुसून टाकतो. मग सात-आठ सेंटिमीटरसाठी एवढं डोकं कशाला लावायचं? याचं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. गोळी चुकली तर ती वाऱ्यामुळे, आपल्यामुळे की काडतुसामुळे, हे कळायला हवं. तिन्ही गोष्टी एकदम डळमळत असतील तर माणूस दहा वर्षं गोळ्या झाडेल आणि काहीही शिकणार नाही. काडतूस एकसारखं करणं म्हणजे बाकीच्या दोन गोष्टी शिकायची सोय करणं. प्रयोगात एक सोडून सगळे घटक स्थिर ठेवा, असं आठवीच्या विज्ञानात वाचलं होतं. त्याचा एवढा महागडा आणि चिकाटीचा अवतार मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

तापमानाचंही तसंच. दारू थंडीत सावकाश जळते, उन्हात जोरात. नाशिकला डिसेंबरच्या पहाटे दहाच्या खाली पारा आणि मे महिन्यात दुपारी चाळिशी. थंडीत जुळवलेलं काडतूस उन्हाळ्यात वेगळं वागणार, आणि आधीच दाबाच्या मर्यादेजवळ असेल तर धोकादायक वागणार. हा हिशेब आपल्या शेजारीच रोज चालतो. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. तोफ डागायची तर दारूचं तापमान, वरच्या थरांतला वारा, हवेची घनता, नळी किती झिजलीय, सगळं हिशेबात धरावं लागतं. रायफलवाले आजोबा वहीत तारखेपुढे तापमान लिहितात, तेव्हा ते छोट्या प्रमाणावर देवळालीचंच काम करत असतात.

ती वही हा माझ्या लेखाचा खरा विषय आहे. काडतुसं भरणारा प्रत्येक माणूस एक वही ठेवतो. पुंगळी कुठली, कितव्यांदा वापरली, मान कधी शेकली, दारूचा लॉट नंबर, टोपीचा लॉट नंबर, गोळीचं वजन, एकूण लांबी, तापमान, प्रत्येक गोळीचा मोजलेला वेग आणि टार्गेटवर काय झालं. वाईट निकालही लिहायचा. खरं तर तोच आधी लिहायचा, कारण पुढच्या खेपेला कुठे जाऊ नये हे त्यातूनच कळतं. काही बाबतीत तर ती चूक पुन्हा केली तर डोळा किंवा बोटं जाऊ शकतात. या वहीवर कोणाची सही लागत नाही, तिला व्हायवा नाही आणि टर्मवर्कचे पंचवीस मार्कही नाहीत. तिला फक्त टार्गेट आहे. वहीत काहीही लिहा, गोळी जायची तिथेच जाते.

आता आपली जर्नल्स काढा. बीमच्या डिफ्लेक्शनचं प्रॅक्टिकल. आधी सूत्रातून थिअरॉटिकल व्हॅल्यू काढायची. मग तिच्या अलीकडे-पलीकडे रीडिंग्ज ‘पाडायची’. एरर दोन-तीन टक्के ठेवायचा. शून्य आला तर सर ओरडतात आणि पंधरा आला तर पुन्हा करायला लावतात. ही पद्धत कोणी शोधली माहीत नाही. फर्स्ट इयरला सीनियरकडून ड्राफ्टरबरोबर वारशात मिळते. एका बॅचची जर्नल्स एका ओळीत मांडली तर पंचवीस जणांच्या पंचवीस बीम एकाच मापाने वाकलेल्या दिसतील. खऱ्या जगात पंचवीस पितळी पुंगळ्यासुद्धा एकसारख्या वागत नाहीत हो!

यात सगळा दोष मुलांचा आहे असं मी म्हणणार नाही. वीस जणांत एक उपकरण, दोन तासांत दोन प्रॅक्टिकल्स, डायल गेजचा काटा अडकलेला. खरं रीडिंग घेणाऱ्याला जास्त वेळ लागतो, त्याचं उत्तर सूत्राशी जुळत नाही आणि वर त्यालाच प्रश्न विचारले जातात. म्हणजे प्रामाणिक रीडिंगला आपल्याकडे दंड आहे. स्टाफरूममधल्या काही सरांनाही हे मनापासून खटकतं, ते खासगीत बोलतातही. पण खटकण्यावर व्यवस्था बदलत नाही. जोवर रीडिंगला धरून राहणारी, त्याला खोटं पाडू शकणारी एखादी बाहेरची गोष्ट नसेल, तोवर रीडिंग्ज पडतच राहणार.

पंचवटीत राहणाऱ्याला बाहेरच्या गोष्टीचं महत्त्व मी काय सांगू? गोदेला पूर आला की आपण काय विचारतो? दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत आलं का, छातीपर्यंत आलं का? धरणातून किती क्युसेक सोडलं याचे आकडे येत राहतात, त्यावर घाटावर वादही होतात. मारुती मात्र कोणासाठी अर्धा फूट खाली वाकत नाही. नेमबाजाचं टार्गेट हा त्याचा दुतोंड्या मारुती आहे. आपल्या लॅबमध्ये तो कुठेच नाही.

तरीही टार्गेट असलं म्हणून माणूस स्वतःला फसवत नाही असं नाही, आणि इथे ही मंडळी आपल्याला अजून एक धडा देतात. व्हिडिओत नेहमी दिसतं: तीन गोळ्या, तिन्ही भोकं एकमेकांना चिकटलेली, वर एक रुपयाच्या नाण्याएवढं वर्तुळ. झालं, जमलं काडतूस! जाणता नेमबाज त्यावर हसतो. का, ते आपल्या एस.क्यू.सी.च्या पुस्तकातच आहे. कंट्रोल चार्टच्या तक्त्यातला डी-टू आठवतो? तीन नमुने घेतले तर सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातलं अंतर सरासरी १.६९ सिग्मा येतं. दहा घेतले तर ३.०८ सिग्मा. काडतूस तेच, दारू तीच, फक्त गोळ्या कमी झाडल्या की निकाल जवळजवळ दुप्पट चांगला दिसतो! पाच गोळ्यांचे वेग मोजून स्टँडर्ड डेव्हिएशन ५ आलं, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की खरा आकडा ३ ते १४ च्या दरम्यान कुठेतरी आहे. तीन आणि चौदा! एकात स्पर्धा जिंकता येते, दुसऱ्यात टार्गेटची पाटीही चुकते. मोजक्याच नमुन्यांवरून किती बोलावं, या प्रश्नाचं गणित गॉसेट नावाच्या माणसाने १९०८ मध्ये मांडलं. तो गिनेसच्या बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता आणि लेखावर त्याने नाव टाकलं होतं ‘स्टुडंट’. आपल्या एम-थ्रीमधला टी-टेस्ट तो हा. सातपूरच्या मायकोत (नाव २००८ मध्येच बॉश झालं, पण सर्कल अजून मायकोच) इंटर्नशिप केलेल्यांना विचारा, नॉझलचे तीन नग बरोबर निघाले म्हणून तिथे कोणी मशीन पास करत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या मजल्यावरचे दोन वीर सुट्टीत गावी जाऊन ‘ट्राय’ करायच्या गप्पा मारतात म्हणून स्पष्ट लिहितो. भारतात हे घरी करता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ५ खाली दारूगोळा बनवायला परवाना लागतो. त्याच कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंसुद्धा ‘दारूगोळा’ याच शब्दात येतात. म्हणजे साधा हातप्रेस आणि मूठभर टोप्याही. रायफल बाळगायचा परवाना असला म्हणून काडतूस बनवायचा परवाना मिळत नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षं आहे. इंजिनिअरिंगपेक्षा तीन वर्षं जास्त, बॅकलॉग धरले तर थोडी कमी. विनोद बाजूला ठेवतो. मला हा कायदा कडक वाटतो, पण चुकीचा वाटत नाही. चार हजार बारचा खेळ ज्या देशात गल्लोगल्ली गॅरेजमध्ये चालतो, तिथले अपघातही व्हिडिओत दाखवत नाहीत म्हणून दिसत नाहीत, एवढंच. आणि आपल्याकडे गावठी कट्ट्यांच्या बातम्या दर आठवड्याला छापून येतात, ते लक्षात घेता सरकारने हात सैल सोडावा असं मी तरी म्हणणार नाही.

मग या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय? तर एकसारखेपणाचा हाच शोध आपल्या नेमबाजांना कायद्यात राहूनही रोज घ्यावा लागतो. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांनी ब्राँझ मिळवलं. १९५२ च्या हेलसिंकीतल्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राला ७२ वर्षांनी मिळालेलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पोरगा मूळचा राधानगरी तालुक्यातला, नेमबाजीचे सुरुवातीचे धडे त्याने आपल्या नाशिकला गिरवले, नोकरी मध्य रेल्वेत. त्याआधी २०१० मध्ये म्युनिकला कोल्हापूरची तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली होती. या ५० मीटरच्या प्रकारात दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. काडतूस ‘पॉइंट टू-टू’चं, एन.सी.सी. कॅम्पला पाच-पाच मिळतं त्याच जातीचं.

आणि हे काडतूस हाताने पुन्हा भरताच येत नाही. त्यात टोपी वेगळी नसते. पेटणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या काठातच भरलेला असतो आणि पिन तो काठ चेपते. एकदा चेपला की संपलं. मग नेमबाज करतो काय? तो निवड करतो. इंग्लंडची इली, जर्मनीची आर.डब्ल्यू.एस., फिनलंडची लापुआ अशा मोजक्या कंपन्यांची काडतुसं वरच्या पातळीवर चालतात. एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या डब्यांमध्येही लॉटगणिक फरक असतो, आणि एका रायफलला आवडलेला लॉट शेजारच्या रायफलला आवडत नाही. म्हणून खेळाडू आपली रायफल घेऊन कंपनीच्या चाचणी केंद्रात जातात. तिथे ती शिकंजात आवळतात, म्हणजे माणसाचा हात, श्वास, नाडी सगळं बाद. मग लॉटमागून लॉट झाडून बघतात आणि जो सर्वांत दाट बसतो तो हजारोंच्या संख्येने विकत घेतात. हजार यार्डांवाले आजोबा आणि ५० मीटरवाले खेळाडू यांचं दुखणं एकच. आजोबा एकसारखेपणा बनवतात, हे तो शोधून काढतात.

इथे एक प्रश्न मला सतावतो. काडतुसं बनवण्यात महाराष्ट्र काही मागे नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, बुडावर ‘के.एफ.’ कोरलेलं काडतूस तिथलं. आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात वरणगावला दुसरा कारखाना, लष्कराच्या रायफलींची काडतुसं बनवणारा. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीखाली आले, तिचं मुख्यालयही पुण्यात. पितळ आहे, दारू आहे, दीडशे वर्षांचा अनुभव आहे. मग ऑलिम्पिकच्या शिकंजात टिकेल असा ‘टू-टू’चा लॉट आपण का बनवत नाही? माझ्या मते कमी पडतं ते साहित्य नाही. कमी पडतं ते प्रत्येक लॉट प्रामाणिकपणे मोजून वाईट लॉटला वाईट म्हणायचं वळण. ते वळण कारखान्यात गेल्यावर लागत नाही. कारखान्यात जाणारी माणसं ज्या लॅबमधून जातात तिथे ते लागायला हवं, आणि त्या लॅबमध्ये काय चालतं ते वर लिहिलंच आहे.

म्हणून आम्ही तिघांनी प्रोजेक्टसाठी एक विषय मांडला होता. दहा मीटर एअर रायफलचे छर्रे. शिशाचा ४.५ मिलिमीटरचा छर्रा, वजन साधारण अर्धा ग्रॅम. टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. याच प्रकारात अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्ण घेतलं. कित्येक खेळाडू छर्रे वजनाप्रमाणे आणि डोक्याच्या व्यासाप्रमाणे निवडून घेतात. कित्येक म्हणतात, त्याचा काही उपयोग नाही, लॉट चांगला लागला की झालं. दोन्ही बाजूंना अनुभवी माणसं आहेत. आमचा विषय एवढाच: वजन करून निवडलेले आणि न निवडलेले छर्रे शिकंजात आवळलेल्या रायफलमधून झाडायचे, झाडणाऱ्याला कुठले कुठले ते कळू द्यायचं नाही, आणि फरक पडतो का ते बघायचं.

विषयावर चर्चा झाली ती ‘रायफल’ या शब्दापर्यंत. पुढे सरकली नाही. कॅम्पसवर शस्त्र नको, ही काळजी मला पटते. पण ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि वीस ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला शस्त्र नियमांत परवान्याची अट नाही, आणि खेळाच्या एअर रायफलची ऊर्जा आठ ज्यूलच्याही आसपासच असते. शिवाय ती कॅम्पसवर आणायची गरजच नाही. झाडायचं काम रायफल क्लबच्या रेंजवर, त्यांच्या प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली. कॉलेजात फक्त वजन, व्यास आणि हिशेब. दुसरा आक्षेप आला तो जास्त गमतीचा होता: “याचं एक्स्पेक्टेड उत्तर काय आहे?” अहो सर, ते नाहीये, हीच तर या प्रोजेक्टची जमेची बाजू आहे! ज्याची थिअरॉटिकल व्हॅल्यू पुस्तकात नाही, त्याची रीडिंग्ज कशाच्या अलीकडे-पलीकडे पाडणार?

प्रोजेक्ट म्हणून नाही तर नाही, आम्ही ते टर्मवर्कच्या बाहेर करायचं ठरवलं आहे. केमिस्ट्री लॅबमध्ये ०.१ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आहे आणि शनिवारी दुपारी तो रिकामा असतो. लॅब असिस्टंट काकांनी तोंडी होकार दिलाय. शिकंजाचं ड्रॉइंग तयार आहे, वर्कशॉपमधला एक जुना व्ही-ब्लॉक त्यात बसतो. पाचशे छर्ऱ्यांची एक डबी आणली आहे. वजन करणारा एक आणि लिहिणारा दुसरा असे जोड्यांनी बसायचं आहे, आणि लिहिणाऱ्याने आधीचे आकडे कोऱ्या कागदाने झाकून ठेवायचे आहेत. एका जोडीला शंभर छर्रे, म्हणजे पाच जोड्या लागतील. ब्रँच कुठलीही चालेल, सरांपैकी कोणी आले तर त्यांनाही शंभरच छर्रे मिळतील. नावं मेसच्या नोटीसबोर्डावर लिहावीत. त्या दिवशी मेसला मिसळ असते हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून वेळ दोनची ठेवली आहे. फक्त हात धुऊन या, काट्याला तर्रीचंही वजन कळतं.